पहिल्या नगावरचं कुंकू

नोकरीतल्या शेकडो केसेस डोक्यातून पुसून गेल्या. ती घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते, आणि त्याचं कारण सांगायला आता या वयात लाज कसली? तिच्यातली पहिली चूक माझी होती.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मी परळ-लालबाग भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो आणि राहायला गिरगावात, दीड खोलीत. गोळीबार होऊन गेला होता, माणसं गेली होती. खाकी कपडा म्हणजे वैऱ्याचा कपडा, असं लोकांनी धरूनच ठेवलं होतं. माझी बायको नळावर गेली की तिथल्या बायका बोलायच्या थांबत. मुंबई महाराष्ट्राला मिळावी असं मलाही मनापासून वाटत होतं, पण ते बोलायची सोय नव्हती. घरी शेजारी तोंड फिरवायचे आणि ठाण्यात वरिष्ठ 'तुम्ही मराठी लोक' म्हणून संशयाने बघायचे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी आमची गत.

नावं या हकिकतीत कोणाचीच देणार नाही. जे गेले त्यांची नाही आणि जे आहेत त्यांची तर नाहीच.

एका मंगळवारी सकाळी लालबागच्या एका सरकारी कचेरीच्या दारात स्फोट झाला. कचेरी उघडायला अजून वेळ होता. पण तिथला शिपाई, कोकणातला पन्नाशीचा साधा माणूस, प्यायच्या पाण्याचा माठ भरायला म्हणून रोज लवकर यायचा. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी पोचलो तेव्हा तो पायरीवर बसून फुटलेल्या माठाकडे बघत होता आणि 'साहेब रागावतील' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

तासाभरात परळला आमच्याच एका चौकीमागे तशीच दुसरी वस्तू सापडली. ती फुटली नव्हती. मुठीएवढी लोखंडी डबी, तिला फिरवून बसवायचं आट्यांचं झाकण आणि वरून गुंडाळलेली निळ्या कापडाची पट्टी. स्फोटकांच्या तज्ज्ञाने ती निकामी केली, आतला माल तपासणीला नेला आणि डबी, झाकण, पट्टी मुद्देमाल म्हणून आमच्याकडे दिली. पंचनामा मी लिहिला. झाकणाच्या आतल्या बाजूला दोन डाग होते, एक तांबडा, एक पिवळा. 'स्फोटकाचे अवशेष' असं लिहून मी मोकळा झालो. ही दुसरी वस्तू सापडल्याची बातमी आम्ही बाहेर जाऊ दिली नाही.

आता प्रश्न एकच होता, हे काम कोणाचं? त्या काळात गल्लीला एक दल होतं आणि चाळीला एक सेना. दुसऱ्याच दिवशी टपालाने दोन पत्रं आली. दोन वेगवेगळ्या दलांनी हा पराक्रम आपलाच असल्याचं ठणकावून कळवलं होतं. एकाचा म्होरक्या त्या दिवशी पुण्याला मावसभावाच्या लग्नात पंगत वाढत होता. दुसऱ्याच्या पत्रात लालबागचं वर्णन रंगवून केलेलं, पण परळच्या डबीचा उल्लेखही नव्हता. वर्तमानपत्रात आलं तेवढंच त्यांना ठाऊक होतं. दोन्ही पत्रं मी फाइलला लावली.

तेवढ्यात खबर आली.

खबर देणारा नायगावच्या बाजूला हातभट्टी चालवायचा. दारूबंदीचा काळ, त्यामुळे त्याच्या भट्टीकडे आम्ही काणाडोळा करायचा आणि त्याने आमच्या कानावर चार गोष्टी घालायच्या, असा व्यवहार होता. तो म्हणाला, "साहेब, लालबागच्या दारात निळ्या कापडाच्या चिंध्या पडल्या होत्या ना? मग अजून काय पायजे? आमच्या बाजूच्या चाळीत निळ्या टोपीवाली पोरं रोज कवायत करतात. त्यांचा म्होरक्या एक शिकलेला आहे, मास्तर व्हायला निघालाय. त्याला उचला, सगळं बाहेर येईल."

निळा म्हटलं की आमच्या डोक्यात त्या दिवसांत एकच गोष्ट यायची. नुकतीच बौद्ध झालेली ती वस्ती, त्यांच्या तरुणांचं पथक, त्यांची कवायत. खबऱ्याचं आणि माझं डोकं एकाच वाटेने गेलं, म्हणून खबर मला खरी वाटली. बुधवारी दुपारी मी त्या तरुणाला घरातून उचलला.

गिरणी कामगाराचा मुलगा, तेवीस-चोवीस वर्षांचा. बाप दोन वर्षांपूर्वी गेलेला. पालिकेच्या शाळेत शिक्षक म्हणून नेमणुकीचा हुकूम हातात आलेला आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. रुजू होताना पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागत असे. तो कागद आठवडाभर माझ्याच टेबलावर पडून होता. दाखला वाईट गेला की नोकरी संपली, आणि एकदा सरकारदरबारी नावापुढे फुली पडली की पुन्हा तिथे उभं राहता येत नव्हतं. तोही हे जाणून होता आणि मीही.

झडतीत काही मिळालं नाही. भिंतीवर देव्हारा होता तिथे नुसते खिळे उरले होते आणि फळीवर पुस्तकं होती. मी खिळ्यांकडे बघतोय हे ओळखून त्याची आई म्हणाली, "देव गेलं पाण्यात, साहेब. आता तिथं पोराची पुस्तकं हायती. तुमी बघा, सगळी उघडून बघा."

ठाण्यात त्याला 'चौकशीसाठी' बसवून घेतला. अटक दाखवली नाही. अटक दाखवली की चोवीस तासांत कोर्टापुढे उभा करावा लागतो, ही त्यातली मेख. त्याला दिवस दिवस उभा ठेवला, तेच तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. त्याला हात लावला नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. एक थप्पड बसली, ती माझीच.

थप्पड बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "साहेब, मी मुलांना शिकवायला निघालो होतो. आमच्या माणसांनी इतकी वर्षं मार खाल्ला, तो काय शेवटी एका शिपायाची बोटं उडवायला?"

मला राग आला. माणूस खरं बोलतो आणि ते आपल्याला नको असतं, तेव्हा येतो तसला राग.

शुक्रवारी वरिष्ठ साहेबांनी बजावलं, "सोमवारी सकाळी स्थानबद्धतेचा प्रस्ताव माझ्या टेबलावर हवा. तो आणि त्याच्याबरोबरचे दहा."

शनिवारी सकाळी मी मुद्देमालाची यादी प्रस्तावासाठी पुन्हा लिहीत बसलो होतो. आमचे जुने हवालदार शेजारी उभे होते. मालवणचे, नोकरीची दोन वर्षं राहिलेले. त्यांनी झाकण उचललं, उजेडाला धरलं, नाकाशी नेलं आणि माझ्या कागदाकडे बघितलं.

"साहेबानू, ह्या काय लिवलात? ही दारू नाय. ही पिंजर."

दारू म्हणजे स्फोटकाची, आणि पिंजर म्हणजे कुंकू. मी म्हटलं, "काहीतरीच काय?"

"मगे ही बाजूक हळद कशी? बोटान लावलली आसा, बघा. झाकणाक दारू कोण बोटान लावतलो?"

माझा विश्वास बसेना. हवालदार मोरीवर गेले, कपडे धुवायच्या साबणाचा तुकडा ओला करून आणला आणि काडीला लावून पिवळ्या डागाच्या कडेला टेकवला. डाग बघता बघता लालभडक झाला. हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं हे मराठी घरातल्या कोणत्याही बाईला विचारा. पोलिसांच्या सगळ्या तपासात ते कोणालाही सुचलं नव्हतं आणि कपडे स्वतःच्या हाताने धुणाऱ्या हवालदारांना सुचलं.

मी झाकण हातात घेऊन बसलो. कोणीतरी ते लावण्यापूर्वी त्याच्या आत हळदकुंकू वाहिलं होतं. बाहेरून लावलं असतं तर दिशाभूल करायला लावलं असं म्हणता आलं असतं. पण झाकण बसल्यावर ते कोणालाच दिसणार नव्हतं. म्हणजे ते दाखवायला नव्हतं, श्रद्धेने लावलं होतं.

मी तडक वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काल-परवापर्यंत तीच माणसं पूजा करत होती ना? सवयीने हात गेला असेल."

हे खरं की खोटं ते बघायला मी पुन्हा त्या चाळीत गेलो, या वेळी एकटा. त्याच्या आईने मला आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही. मी उभ्याउभ्याच विचारलं, "बाई, तुमच्या घरात नव्या वस्तूला अजून हळदकुंकू लावतात का?"

ती म्हणाली, "सवय लई वाईट बघा, साहेब. पोराच्या नोकरीचा कागद आला तवा माझा हात गेलाच कुंकवाच्या डबीकडं. त्यानं हात धरला. म्हनला, आई, आता न्हाई. आपण शब्द दिलाय. भरल्या घरात मला रडू आलं, पर त्यानं लावू दिलं न्हाई." मग तिने विचारलं, "पोरगं जेवतंय का?"

आपल्या नेमणुकीच्या हुकमालाही ज्याने कुंकू लागू दिलं नाही, तो बॉम्बची पूजा कशी करेल? कोर्टात हा पुरावा टिकला नसता. पण माझी खात्री तिथेच, त्या दारात झाली, आणि आपण काय करून बसलो आहोत हेही कळलं.

आता खरा माणूस शोधायचा, आणि हातात सोमवारपर्यंतचा वेळ. हवालदार म्हणाले, "झाकणाचे आटे बघा. ह्या लेथवरचा काम. आपलो मिस्त्री सांगात."

हा मिस्त्री लालबागला एका बोळात लहानसं वर्कशॉप चालवायचा. आमच्या ठाण्याच्या बेड्या नि कुलुपं त्याच्याकडेच दुरुस्तीला जायची. पूर्वी गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर होता, अर्ध्या गिरणगावातले टर्नर त्याच्या हाताखालून गेलेले. शनिवारी दुपारी मी झाकण आणि निळी पट्टी त्याच्या पुढ्यात ठेवली. पट्टी त्याने हुंगली आणि बाजूला टाकली. "डांगरीचो कपडो. मशीन ऑइलचो वास येता." ज्या निळ्या रंगावरून आम्ही एक अख्खी चाळ गुन्हेगार ठरवली होती, तो फिटर-टर्नर कामावर घालतात त्या डांगरीचा रंग होता.

झाकण मात्र त्याने खूप वेळ बोटांत फिरवलं. आतलं कुंकू दिसल्यावर त्याचा चेहरा उतरला.

मी विचारलं, "उस्ताद, काय झालं?"

"काय नाय."

"हे बघा, या कामासाठी एक मुलगा चार दिवस माझ्या ठाण्यात आहे. नायगावचा. त्याने काही केलेलं नाही हे मला आज कळलंय. सोमवारी त्याला मास्तर म्हणून रुजू व्हायचंय. खरा माणूस मिळाला नाही तर तो शाळेऐवजी तुरुंगात जाईल, आणि त्याच्याबरोबर दहा जण."

मिस्त्रीने चिंधीला हात पुसले. मग म्हणाला, "आमच्या पोराचा पाप दुसऱ्याच्या झिलान कित्याक भोगूचा?" आणि झाकण माझ्या हातात देत, "आता जावा तुमी. उद्या सकाळी येतंय."

मी त्याच्यावर माणूस ठेवू शकत होतो. ठेवला नाही. पोलिसाने कधी पाळत ठेवायची आणि कधी विश्वास ठेवायचा हे कोणत्याही नियमावलीत लिहिलेलं नसतं. पण ती संध्याकाळ माझी कशी गेली ते माझं मला माहीत.

रविवारी सकाळी आठ वाजता मिस्त्री ठाण्यात आला. सोबत त्याच्याच हाताखाली शिकलेला पंचविशीचा एक टर्नर होता, अंघोळ केलेला, इस्त्रीचा सदरा घातलेला. मिस्त्री त्याला म्हणाला, "सांग आता," आणि स्वतः बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला.

चळवळीच्या दिवसांत हौसेने गुन्हा अंगावर घेणारेही असत. दोन पत्रांचा अनुभव ताजा होता. म्हणून मी विचारलं, "तू किती केलेस?"

"दोन. एक लालबाग, एक परळ."

"परळच्यात आणि लालबागच्यात काय फरक होता?"

तो खाली बघत म्हणाला, "परळचा पहिला नग होता. त्याला झाकणाच्या आतून हळदकुंकू लावलं. उस्तादांनी शिकवलंय, स्वतःच्या डोक्याने काढलेला पहिला नग कुंकू लावल्याशिवाय मशीनवरून उतरवायचा नाही. हात आपोआप गेला, साहेब."

वरिष्ठ साहेबांचं बोलणं तर बरोबर होतं. हात सवयीनेच गेला होता, पण तो हात दुसऱ्याचा होता.

पुढचं सगळं त्याने सांगितलं. लालबागच्या एका व्यायामशाळेतले ते चौघे. गोळीबारात त्यांच्यातल्या एकाचा भाऊ गेला होता. कचेरी बंद असताना दार उडवायचं, चौकीची भिंत पाडायची, माणसाला धक्का लावायचा नाही, असं ठरलं होतं. शिपायाच्या माठाचा हिशेब कोणी धरला नव्हता. दुपारी बातमी कळल्यावर एकाने तिथेच शपथ घातली की पुन्हा असलं करायचं नाही. मी विचारलं, "तुमच्या दलाचं नाव काय?" तर म्हणाला, "नाव ठेवायचं राहिलं होतं. आणि मग ठेवायची हिंमत झाली नाही." ज्यांच्याकडे नावं, शिक्के, पत्रकं होती त्यांनी काही केलं नव्हतं आणि ज्यांनी केलं ते शरमेने तोंड लपवून बसले होते. संध्याकाळपर्यंत बाकीचे तिघे हजर झाले, आणि चौघांनाही पुढे शिक्षा झाली. कोर्टापुढे उभं करण्यापूर्वीच टर्नरने शिपायाला भेटायची परवानगी मागितली. मीच इस्पितळात घेऊन गेलो. शिपायाने पहिल्यांदा तोंड फिरवलं. मग थोड्या वेळाने, गाव कुठलं, म्हणून विचारलं.

हवालदार मात्र आपल्या मतावर ठाम राहिले. "पिंजर लावली म्हणान तो फुटाक नाय. देवान राखलो." मी वाद घातला नाही.

आता त्या तरुणाची गोष्ट. रविवारी दुपारी मी त्याला समोर बसवलं, चहा मागवला आणि पडताळणीचा फॉर्म काढला. मी म्हटलं, "तुमची सुटका झाली. मी लिहितो, 'ठाण्याच्या दप्तरी आक्षेपार्ह काही नाही.' अटक दाखवलेलीच नाही, तेव्हा कुठे नोंदही नाही. उद्या खुशाल रुजू व्हा."

त्याने चहाला हात लावला नाही. "नोंद नाही, पण चाळीने बघितलंय, साहेब. शाळेतही एव्हाना कळलं असेल. काही नाही असं लिहिलंत तर लोक म्हणतील, आत काहीतरी करून सुटला. चार दिवस मी इथे होतो हे लिहा. का होतो आणि चूक कोणाची, तेही लिहा."

"त्याने तुमचंच नुकसान होईल."

"माझं की तुमचं?"

मी टाक उचलला. 'सदर इसमास खोट्या खबरीवर विसंबून, निम्नस्वाक्षरीकाराच्या चुकीने चार दिवस ठाण्यात ठेवण्यात आले. चौकशीअंती तो पूर्ण निर्दोष आढळला. त्याचे चारित्र्य उत्तम आहे.' खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

त्याने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "थप्पड राहिली."

टेबलाभोवती हवालदार होते, दोन पोलीस शिपाई होते, मिस्त्री अजून बाकावर होता. फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता. मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "मारली. मारायला नको होती. मला माफ करा." त्याने मान हलवली, कागदाची घडी घातली आणि मग थंड झालेला तो चहा एका दमात प्यायला.

वरिष्ठ साहेब माझ्यावर उखडले. लेखी खुलासा मागितला आणि माझी बढती बरीच मागे पडली. पहिली धाड मी त्या खबऱ्याच्या हातभट्टीवर घातली. पण त्या भागात मला पुढे खबऱ्याची गरजच लागली नाही. चाळीतली माणसं आपण होऊन ठाण्यात यायची, पायरीवर चपला काढून बसायची आणि म्हणायची, "साहेब, एक गोष्ट कानावर घालायची होती." इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

पोलिसाला गट लवकर दिसतो आणि माणूस उशिरा, हे मी त्या केसमध्ये शिकलो. झेंडा, टोपी, रंग, आडनाव बघून जबाबदारी ठरवणं सोपं असतं, कारण त्यासाठी खुर्चीतून उठावं लागत नाही. आणि चूक झालीच तर ती ज्याच्याबाबत झाली त्याच्यासमोर कबूल करावी, इतर कुठे करून उपयोग नाही.

राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी एक मास्तर चौथीचा वर्ग ठाणं दाखवायला घेऊन आले. तेच ते. मुलं बेड्या बघून झाली, कोठडीचे गज हलवून झाली. मग त्यांनी सगळ्यांना माझ्या टेबलापुढे उभं केलं.

"मुलांनो, ह्या साहेबांनी मला एकदा चुकून चार दिवस कोंडलं होतं," ते म्हणाले. "आणि मग आपली चूक स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिली. तो कागद माझ्या घरी आहे."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मला विचारलं, "साहेब, तुम्हाला लिहिताना भीती वाटली?"

"खूप वाटली," मी म्हणालो.

"मग?"

"मग तुमचे मास्तर समोर बसले होते ना."

सगळा वर्ग हसला आणि मास्तरही हसले. त्या ठाण्यात त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.